पायाळू कोच

उन्नती घरतने डिसेंबरातल्या एका सकाळी चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पाहिलं आणि तिथल्या तिथे ठरवलं, की या लोकांना वाचवायला हवं. एवढाच काय तो निर्णय. पुढची सगळी शोभा त्यातून झाली.

खाली सोसायटीतली वडीलधारी मंडळी पळत होती. जानेवारीत खांदेश्वरच्या तळ्याभोवती दौड होणार, असा बोर्ड नाक्यावर लागला होता आणि त्यात ‘सर्व वयोगटांसाठी’ अशी एक घातकी ओळ होती. ती वाचून, दूध उतू जाताना दिसलं तरी जे कधी धावले नव्हते, असे लोक पहिल्याच दिवशी तळ्याला चार चकरा मारून आले होते. न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटाच्या ऑफिसातून रिटायर झालेले हौसेराव, मुलाने टाकून दिलेले बूट घालून पळत होते. त्या बुटांचे तळ इतके गुळगुळीत झाले होते, की हौसेराव थांबले तरी बूट थोडे पुढे जात. सुनयनाकाकू देवळात जायच्या चपला घालून पळत होत्या. आणि उन्नतीचे स्वतःचे वडील हिरामण घरत, बर्म्युडा घालून, फोनवर भाडेकरूशी भांडत पळत होते.

वॉर्मअप एकानेही केला नव्हता.

उन्नती बी.एस्सी. होती. वर स्पोर्ट्स सायन्सचा एक ऑनलाईन कोर्स केला होता. पळताना होणाऱ्या दुखापती आणि त्या कशा टाळाव्यात, हा तिचा खास विषय. (म्हणजे दुसऱ्यांना होणाऱ्या. स्वतःच्या दुखापतीकडे ती जरा उशिराच वळली.) शिवाय यात तिचा स्वार्थही होता. खारघरच्या एका रनिंग क्लबला रविवारी याच विषयाचं सेशन घेणारं माणूस हवं होतं. क्लब चालवणारे फिजिओथेरपिस्ट अश्विन सर तिला म्हणाले होते, “थिअरी पक्की आहे तुमची. पण माणसं तुमचं ऐकतात का, ते मला बघायचंय. एखादा ग्रुप तयार करा. मी येऊन बघतो.”

उन्नतीला ते काम हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, त्यासाठी ती आतून तडफडत होती. कारण तिच्या एवढ्या शिक्षणातून आजवर तिचं एक वाक्य घरात कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नव्हतं. घरी तिच्या सायन्सचा उपयोग एकच, मोबाईल हँग झाला की तो बंद करून परत चालू करून देणं.

ती तरातरा खाली उतरली.

“काका, थांबा. असं थंड अंगाने पळायचं नसतं. आधी दहा मिनिटं भरभर चालायचं, सांधे मोकळे करायचे. अंतर हळूहळू वाढवायचं. बूट झिजले की बदलायचे. आणि दुखायला लागलं की थांबायचं.”

“बाळा,” हौसेराव जागच्या जागी उड्या मारत म्हणाले, “आमच्या गावाकडं बिबट्या मागं लागल्यावर वॉर्मअप करत बसत न्हाईत.”

“इथे बिबट्या आहे का मागे?”

“डायबिटीस हाय की.”

“सुनयनाकाकू, निदान तुम्ही तरी या चपला…”

“अगं, आमच्या वेळी कॉलेजात मी खो-खो खेळायचे. अनवाणी!” असं म्हणून काकू गेल्यासुद्धा.

राहिले बाबा. हिरामणने फोन कानापासून जरा दूर धरला. “मी लहानपनापासून बांधावरून पलतंय. मना कोनी शिकवला व्हता वार्मप? जा, आईला सांग चा ठेव.”

आठवड्याभरात अर्धी सोसायटी लंगडायला लागली. हौसेरावांच्या नडग्या ठणकत होत्या आणि कंबरेत उसण भरली होती. सुनयनाकाकूंना सकाळी पलंगावरून उतरून टाच टेकवली की ब्रह्मांड आठवत होतं. हिरामणचा घोटा मुरगळला होता, आणि ताज्या सुजेवर त्याने गरम तेलाने खसाखसा चोळून घेतल्यामुळे त्याचा पपनस झाला होता. उन्नती एकेकाच्या दारात जाऊन सांगत होती, की बर्फ कापडात गुंडाळून लावा, पाय उशीवर उंच ठेवा, चोळू नका, दुखतंय तोवर पळू नका. सगळे मान डोलावत होते आणि सकाळी पुन्हा लंगडत लंगडत पळत होते.

अशात नावड्याहून तिची आजी आली.

मालतीबाई घरत दुपारी सोसायटीच्या बाकावर जाऊन बसल्या. शेजारी सुनयनाकाकू टाच धरून बसल्या होत्या, पलीकडे हौसेराव कंबर धरून. मालतीबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“आगो बाय, घरान गंगा हाय आनि तुमी तहानेलं बसलाव? आमची उन्नती पायालू हाय!”

उन्नती तेव्हा गेटातून आत येत होती. तिला ते वाक्य ऐकू आलं आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण जमिनीवर पेव्हर ब्लॉक होते.

झालं होतं ते असं. उन्नती जन्मली तेव्हा डोक्याऐवजी पायांनी बाहेर आली. डॉक्टरांच्या दृष्टीने ही एक अडचण होती, घरच्यांच्या दृष्टीने सिद्धी. पायाळू माणसाचा पाय कंबरेला लागला की उसण पळते, असं सगळं नावडं मानत होतं. त्यामुळे तिचं बालपण लोकांच्या पाठीवर गेलं होतं. ती पाटीवर अक्षरं गिरवत असायची आणि कुणीतरी अंगणात पालथं येऊन पडलेलं असायचं. पायाळूच्या डोळ्यात काजळ घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, असंही कुणीतरी म्हणालं, म्हणून काकाने तिला काजळ घालून अख्खी दुपार बांधावरून फिरवलं होतं. (धन दिसलं नाही. ऊन मात्र लागलं.) दहावीत गेल्यावर तिने जाहीर केलं, की यापुढे मी कुणालाही पाय लावणार नाही. खांदेश्वरला राहायला आल्यावर तर ही गोष्ट तिने अशी दडवली होती, जशी लोक जुनी लफडी दडवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली तेव्हा गवतावर हौसेराव पालथे पडले होते. त्यांच्यामागे रांग होती.

“काका, उठा. ही अंधश्रद्धा आहे.”

“व्हय ताई, हाय,” हौसेराव गवतात तोंड खुपसून म्हणाले. कालपर्यंत ती ‘बाळा’ होती. “पर एकडाव लावा.”

“मी सायन्सची पदवीधर आहे!”

“मग तर पाय लईच भारी असंल.”

“लाव ना गो,” पपनस सांभाळत हिरामण म्हणाला. “तुझा पाय काय झिजतंय?”

उन्नतीचं डोकं फिरलं. तिने रागारागात चप्पल काढली, हौसेरावांच्या कंबरेला तीनदा पाय लावला, पाय लावला म्हणण्यापेक्षा आपटलाच, आणि त्याच रागात ओरडली, “झालं समाधान? आता दुखणं थांबेपर्यंत पळायचं नाही! रोज बर्फ लावायचा, कापडात गुंडाळून! आणि ते बूट आधी कचऱ्यात टाका!”

हौसेरावांनी हळूच मान वळवली. आवाजात एकदम भक्ती आली होती.

“पथ्य हाय का हे?”

उन्नतीने रांगेकडे पाहिलं. रांगेतल्या सगळ्यांनी कान टवकारले होते. तिला या लोकांनी असं कधीच ऐकलं नव्हतं. आता ‘नाही, हे विज्ञान आहे’ एवढं म्हटलं असतं तरी सगळे पांगले असते.

“हो,” ती म्हणाली. “पथ्य आहे. मोडलं तर उसण दुप्पट होऊन परत येते.”

ते वाक्य तोंडातून बाहेर पडताच तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण हौसेराव तिथूनच उठून, बूट हातात धरून, अनवाणी कचराकुंडीकडे चालू लागले होते.

त्यानंतर जे घडलं ते उन्नतीला शिकवून कधी जमलं नसतं. सुनयनाकाकूंनी टाचेला पाय लावून घेतला आणि चांगले जाड तळाचे बूट आणले. कारण पथ्य. रोज पायरीवर उभं राहून पोटऱ्या ताणायला लागल्या. कारण पथ्य. हिरामणने तेलाची बाटली बायकोच्या हवाली केली आणि पाय तीन उशांवर ठेवून पडून राहिला. (चहा तिथेच मागवला, ते काही पथ्यात नव्हतं.) आणि साहजिकच सगळे बरे झाले. ज्याला त्याला आराम पडला, सूज उतरली, लंगडणं थांबलं आणि सगळं श्रेय पायाला गेलं. मंडळी परत पळायला लागली तेव्हा आधी दहा मिनिटं ओळीने चालत होती, सांधे फिरवत होती आणि ज्याचं आदल्या दिवशी दुखलं होतं तो बाकावर बसून बाकीच्यांवर नजर ठेवत होता. पुस्तकात छापावा असा ग्रुप तयार झाला.

उन्नतीने अश्विन सरांना मेसेज टाकला, ‘रविवारी सातला या. ग्रुप तयार आहे.’ तो पाठवल्यावर फोन उशीखाली दडवला. कशाने तयार झाला, ते लिहिलं नव्हतं.

आणि आणखी एक गोष्ट तिने लिहिली नव्हती. क्लबातल्या पोरींच्या बरोबरीने पळता यावं म्हणून तिने स्वतःचं अंतर एका झटक्यात दुप्पट केलं होतं. तिची डावी नडगी ठणकत होती. आधी पळताना ठणकायची, मग चालताना, हल्ली लिफ्टमध्ये उभं राहिलं तरी. दुखलं की थांबायचं, हे तिने अख्ख्या सोसायटीला शिकवलं होतं. ती स्वतः हायवेलगतच्या सर्व्हिस रोडने पळायला जात होती, कंटेनरच्या धुळीत, कारण तिथे सोसायटीतलं कुणी बघायला नव्हतं. तिला पथ्य सांगणारा पायाळू कुणी नव्हता ना.

रविवारी ती साडेसहालाच खाली उतरली. डावा पाय जपत, पण जपतोय हे दिसू नये इतपत हसत. सगळ्यांना तिने आधीच बजावलं होतं, “आज पाय नाही. पाहुणे येणार आहेत. पायाचं नावसुद्धा काढायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, उन्नतीने शास्त्रीय माहिती दिली.”

“शास्त्रीय,” सुनयनाकाकूंनी पाठ करून घेतलं.

हौसेराव मात्र तिच्या नजरेला नजर देत नव्हते.

“काय झालं काका?”

“ताई, जरा एक घोटाळा झालाय. आमचे साडू आलेत कळंबोलीस्नं. पंढरी. पहाटेच निघालेत बिचारे.”

“मग?”

“ते तिकडं मागं पालथे पडलेत.”

मीटररूमच्या मागे सतरंजीवर एक भला मोठा माणूस पालथा पडून कण्हत होता. उन्नतीने घड्याळाकडे पाहिलं.

“उठवा त्यांना!”

“उठाया आलं असतं तर ते हितं आले असते का?”

“ताई,” सतरंजीवरून आवाज आला, “आईच्यान, हसलो तरी दुखतंय.”

“मग हसू नका!”

पण हा माणूस इथेच असा पडून राहिला तर अश्विन सर येऊन विचारणारच, हा कोण. तीनदा पाय लावायला कितीसा वेळ लागतो? उन्नतीने बूट काढला, मोजा काढला, कुणी बघत नाही ना ते पाहिलं (सगळे बघत होते), आणि उजवा पाय उचलला. म्हणजे सगळा भार आला डाव्या पायावर. तो पाय तीन आठवड्यांपासून अशाच संधीची वाट बघत होता. नडगीतून एक कळ थेट डोक्यात गेली, उन्नतीचा तोल गेला आणि ती धप्पकन पंढरीच्या कंबरेवर बसली.

कटकन आवाज झाला.

पंढरी किंचाळला. मग त्याने उन्नतीला पाठीवरून बाजूला सरकवलं, दोन हात टेकले आणि सरळ उभा राहिला.

“गेली!” तो ओरडला. “आयला, गेली! उसण गेली!”

“पाय नाही, अख्खी पायालू लागली!” हिरामण अभिमानाने सगळ्यांना सांगत सुटला. टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांतून, सतरंजीवर एका पायात बूट घालून बसलेल्या उन्नतीला, मीटररूमच्या कोपऱ्याशी ट्रॅकसूटमधला एक माणूस दिसला. अश्विन सर वेळेच्या आधी आले होते.

“हे…” ते म्हणाले, “हे सेशन आहे?”

“शास्त्रीय माहिती दिली तिने!” सुनयनाकाकू घाईघाईने म्हणाल्या.

उन्नतीने उठायचा प्रयत्न केला. डाव्या पायाने चक्क नकार दिला. तिच्या तोंडून एक बारीकशी ‘आई गं’ निघाली आणि ती पुन्हा बसली. ते पाहिल्याबरोबर सोसायटी कामाला लागली.

“बर्फ आना, बर्फ!”

“तसाच नको, फडक्यात गुंडाळून!”

“पाय वर घ्या. उशी कुठाय?”

“कोणी चोळू नका हं! हिरामण, तेल ठेवा आत!”

“कधीपासून दुखतंय?” सुनयनाकाकूंनी विचारलं. हा प्रश्न त्या उन्नतीकडूनच शिकल्या होत्या.

उन्नतीने खाली पाहिलं. खोटं बोलावंसं फार वाटत होतं. पण नडगीवरची सूज सगळ्यांना दिसत होती, आणि तीन आठवडे सगळ्यांना सूज ओळखायला तिनेच शिकवलं होतं.

“तीन आठवडे.”



“आनि तू पलत व्हतीस?” हिरामणने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

“हो.”

“आम्हास्नी बसवून ठिवलंसा,” हौसेराव हळू आवाजात म्हणाले, “आन् तुमी सोता पथ्य मोडलं?”

उन्नती रडली नाही. तिने फक्त सतरंजीचा कोपरा पाहायला सुरुवात केली आणि अश्विन सर “उद्या क्लिनिकवर या” म्हणून जाईपर्यंत तोच पाहत राहिली. मग दोन काकांनी तिला खुर्चीसकट उचलून लिफ्टपर्यंत नेलं. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत होती, कुणीतरी दार उघडून विचारत होतं, काय झालं, आणि प्रत्येक मजल्यावर हिरामण तेच उत्तर देत होता, “पथ्य मोडलं पोरीनं.”

दुसऱ्या दिवशी ती क्लिनिकवर गेली ती रिक्षातून, आणि मान खाली घालून. अश्विन सरांनी नडगी दाबून पाहिली, पाऊल वळवून पाहिलं, एक्स-रे काढून आणायला लावला, तो उजेडात धरला.

“हाडाला सूज आहे. अजून आठवडाभर पळाल्या असत्या तर तडा गेला असता. आता पळणं पूर्ण बंद. बर्फ, आराम, आणि परत सुरू कराल तेव्हा अगदी थोडं थोडं. हे मी तुम्हाला सांगायचं, म्हणजे…”

“माहितीये सर.”

“माहितीये हेच तर.”

“सर, काल तुम्ही जे पाहिलं… माझं चुकलं. मी फसवलं सगळ्यांना. ते माझं ऐकत नव्हते, माझ्या पायाचं ऐकत होते. तुम्ही दुसरं कुणी बघा.”

अश्विन सर खुर्चीत मागे रेलले.

“बारा वर्षं मी लोकांना वॉर्मअप करा म्हणून सांगतोय. आमच्या क्लबात डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, बँकेचे मॅनेजर आहेत. एक माणूस करत नाही. आणि काल निघताना तुमच्याकडच्या एका काकांनी मला दोन मिनिटांत बुटाचा तळ कसा तपासायचा ते शिकवलं. मला तुम्ही हव्या आहात.”

उन्नतीला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचे डोळे भरून आले. शेवटी कुणीतरी, शिकलेल्या माणसाने, तिला ओळखलं होतं.

“थँक यू सर! मी सुरुवात नडगीपासून करू का? माझ्याकडे स्लाईड्स आहेत. मग टाच, मग गुडघा…”

“स्लाईड्स मी दाखवीन,” अश्विन सर म्हणाले. “सेशन माझं. तुम्ही शेवटी मागच्या खोलीत बसायचं. एकेकाला आत पाठवतो. पाय लावायचा आणि मी सांगितलेलंच परत सांगायचं. पण पथ्य म्हणून.”

उन्नतीचे भरलेले डोळे तसेच राहिले. त्या पाण्याचं आता काय करावं, ते तिला कळेना.

“पण सर, माझा पाय…”

“उजवा ठीक आहे ना? बसून लावला तरी चालत असेल. भार द्यायचा नाही डाव्यावर.”

मग ते उठले, दार लोटलं, कडी लावली आणि जरा घसा साफ केला.

“तुम्ही आलाच आहात तर… शुक्रवारपासून माझी कंबर धरलीय. पेशंटला उचलताना. मी या गोष्टी मानत नाही हं. मुळीच नाही.” बोलता बोलता ते स्वतःच्याच तपासणीच्या टेबलावर पालथे झाले, तोंड उशीत खुपसलं आणि आतून म्हणाले, “फक्त मोजा काढून लावा. मोज्यावरून उतरत नाही, असं आमची आई म्हणते.”